जत्रेतली आगबोट पुन्हा बनवली : कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, २५ तारखेलाच इकडे सुरू झाला, त्यामुळे माळ्यावरचं सामान हलवायचं राहून गेलं आणि कौलं गळायला लागल्यावर एकच धावाधाव झाली. त्या सामानात बाबांचा ट्रान्झिस्टर सापडला आणि त्याच्या पिशवीत खाली पत्र्याचा एक चेपलेला तुकडा, लाल रंगाचा, बोटभर. मी बघितल्याबरोबर ओळखला. आमच्या आगबोटीचं नाक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जत्रेत पत्र्याची छोटी बोट मिळायची, वीतभर सुद्धा नाही, आत चपटी डबी, मागे पाण्यात जाणाऱ्या दोन नळ्या. नळ्यांतून पाणी भरायचं, डबीखाली तेलाची वात पेटवायची आणि परातीत सोडायची, की फट फट फट फट आवाज करत गोल गोल फिरायची. विकणारा तिला आगबोट म्हणायचा म्हणून आम्ही पण आगबोट. आई लग्न होऊन आली तेव्हा खरोखरच्या आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरलेली, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून होडीने बंदरावर यायचं, त्यामुळे ह्या नावाचं आम्हाला फार कौतुक.

१९८८ च्या सातेरी देवीच्या जत्रेत बाबांनी दादाला ती सहा रुपयांना घेऊन दिली. मला त्याच जत्रेत सावंतवाडीची लाकडी भातुकली मिळाली होती, लाखेचे रंग दिलेली, ती अजून आहे, कपाटात. दादाची बोट महिनाभर टिकली. दादा शाळेत असताना मी ती काढली, वात पेटवली, पाणी भरायचं असतं हे बघितलेलं होतं पण भरलं नाही, आणि डबीचा सांधा माझ्या डोळ्यासमोर सुटला. मी आठ वर्षांची, तो अकरा. संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "मीच पाणी घालूक इसारलंय." मार त्याने खाल्ला.

तर ठरवलंय की गणपतीला दादा मुंबईहून येईल तोवर ही बोट परत बनवायची. चतुर्थी २७ ऑगस्टला. माझं शिवणकाम आहे, गणपतीआधीचे दोन महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून फक्त रविवार. कुणाला अशीच करायची असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय, जे फसलं तेही.

८ जून

आधी सोपा मार्ग धरला. व्हिडिओत दाखवतात तसा: कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा कॅन कापायचा, पाकिटासारखा दुमडायचा, तोंडाला दोन प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि सगळं इपॉक्सी पुट्टीने बंद. दोन तासांत झालं. थर्माकोलवर बसवून घंगाळात सोडलं, मेणबत्तीचा तुकडा खाली ठेवला, आणि चालली! चार मिनिटं. मुलगा आतून धावत आला.

पाचव्या मिनिटाला पुट्टीला चीर गेली. चूक माझी, मी ज्योत स्ट्रॉच्या बाजूला सरकवून ठेवली होती. पुट्टी आणि स्ट्रॉ आत पाणी आहे तोवरच थंड राहतात, ज्योत लांबच्या टोकाला हवी. मुलांसोबत सुट्टीत करायचं असेल तर हीच पद्धत करा, खर्च पन्नास-साठ रुपये, खरंच चालते. पण मला पत्र्याचीच पाहिजे, हातात घेतल्यावर थंडगार आणि जड लागणारी.

१५ जून

कुडाळला जाऊन सामान आणलं. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची १८० रुपये, सोल्डर वायरचं (वितळवून पत्र्याचे सांधे जोडायची तार) छोटं रीळ १२०, सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या पेस्टची डबी ४०, पत्रा कापायची कात्री २६०. एसटीत बायकांना अर्धं तिकीट त्यामुळे प्रवासाचं काही वाटलं नाही, पण दिवस गेला.

घरी येऊन संध्याकाळी त्या कॅनच्याच पत्र्याला सोल्डर लावून बघितलं. लागत नाही. गोळी होऊन घरंगळत जाते, पारा सांडल्यासारखी. रात्री दहापर्यंत घासून, पुसून, पेस्ट जास्त लावून प्रयत्न केले. मग कळलं की ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर धरतो आणि साधं सोल्डर त्याला चिकटतच नाही, घासला तरी लगेच परत धरतो. म्हणजे ॲल्युमिनियम असेल तर पुट्टी, आणि सोल्डर करायचं असेल तर तेलाच्या डब्याचा पत्रा किंवा पितळ. तेलाचा १५ किलोचा डबा घरात असतोच, त्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो, सोल्डर लोण्यासारखं पसरतं.

२२ जून

होडीचं अंग. हे माझ्या हातातलं काम वाटलं होतं. कागदावर ड्राफ्टिंग केलं, ब्लाउजचं करते तसंच, तळ, दोन बाजू, मागची पट्टी. जुना लाल तुकडा मापाला ठेवला, त्यावरून लांबी साधारण १३ सेंटीमीटर असावी असा अंदाज काढला. कागद दुमडून बघितला तर सुंदर होडी झाली. पत्रा कापला, दुमडला, आणि कोपरे एकमेकांना पोचेनात. माया, म्हणजे दुमडायला लागणारी जास्तीची कड, सोडलीच नव्हती. कापडाला माया सोडायला मला आठवण करावी लागत नाही, हात आपोआप सोडतो, पण पत्रा म्हटल्यावर डोक्यातून गेलंच. पत्र्याला जाडी असते, दुमडताना तो थोडा खातो. एक डबा फुकट.

दुसऱ्यांदा सगळीकडे ५ मिलिमीटर माया सोडली. कडा आत दुमडून घेतल्या, नाहीतर पत्रा ब्लेडसारखा कापतो, माझ्या डाव्या अंगठ्याला टाका पडला नाही एवढंच. हातमोजे घाला. शिवणाऱ्या बाईचा अंगठा गेला की आठवडा गेला, माझे चार दिवस गेलेच.

२९ जून

२५ वॅटची आयर्न पत्र्याला पुरत नाही. रेडिओच्या बारीक वायरींसाठी ती ठीक. पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो आणि सोल्डर अर्धवट वितळून दाण्यादाण्यांचं राहतं, वरून बसल्यासारखं दिसतं पण नखाने ओढलं की निघतं. दुकानदाराने मला विचारलं होतं कशाला पाहिजे म्हणून, मी खेळण्याला म्हणाले आणि त्याने २५ दिली, त्याची चूक नाही. ६० वॅटची मागवली, ४२०. पहिले १८० बुडाले. तुम्ही थेट ६० घ्या.

नवीन आयर्नने होडीचे चारही कोपरे एका बैठकीत झाले. युक्ती एकच, आयर्नने आधी पत्रा तापवायचा आणि सोल्डर पत्र्याला टेकवायचं, आयर्नला नाही. पत्रा तापलेला असेल तर ते स्वतःच सांध्यात शिरतं. पेस्ट नंतर साबणाने धुवून टाका, मी पहिल्या तुकड्यावर तशीच ठेवली तर चार दिवसांत तांबेरा आला, आमच्याकडे पावसाळ्यात हवाच अशी.

६ जुलै, आषाढी

नळ्या. पितळी बारीक नळी कुडाळ, सावंतवाडी कुठेच मिळाली नाही, ऑनलाइन मिळते पण मीटरभर घ्यावी लागते. मग बाबांच्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवली. ओढली की लांब होते ती, एकात एक बसणाऱ्या नळ्यांची. आतून पितळ असते, वरून क्रोमचा मुलामा.

कापायला मन होईना. ट्रान्झिस्टर बंदच आहे, बॅटरीच्या घरात गंज, आवाज यायची आशा नाही, तरी बाबा रोज संध्याकाळी सात वाजता पडवीत एरियल खिडकीच्या गजाला टेकवून बातम्या लावायचे, ते एरियल खेचल्याचे कट कट कट आवाज अजून कानात आहेत. आईला विचारलं. ती म्हणाली, "काप गो. तेच्यातच गेला तर तेंकाय बरा वाटात." मग कापली.

पहिला काप वाया. शेवटचा सगळ्यात बारीक तुकडा भरीव असतो, नळी नाही. त्याच्या मागचे दोन घ्यायचे, माझ्याकडे साधारण ४ मिलिमीटरचा निघाला त्यातून ९-९ सेंटीमीटरच्या दोन नळ्या केल्या. हॅक्सॉचं बारीक दाताचं पातं, आणि हळू, नाहीतर तोंड चेपतं. क्रोमला सोल्डर धरत नाही, जिथे सांधा येणार तिथे पिवळं पितळ दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा.

१३ जुलै

नळीला थोडा बाक द्यावा लागतो. डबी पाण्याच्या वर, नळ्यांची तोंडं पाण्याखाली. हाताने वाकवली आणि ती चिमटली, स्ट्रॉ चिमटते तशी. एक नळी गेली.

दुसऱ्या वेळी पुळणीवरची बारीक रेती आणली, तव्यावर कोरडी भाजून घेतली (ओली रेती भरून तापवू नका, वाफ धरते), नळीत ठासून भरली, दोन्ही टोकांना कागदाचे बोळे. गॅसवर धरून लालसर होईपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली. पितळ असं केल्याने नरम पडतं, लोखंडासारखं कडक होत नाही. मग जुन्या बॉबिनवर हळू हळू वाकवली आणि अगदी गोलसर बाक आला, एक सुरकुती नाही. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून बघत बसले काही वेळ. आज एवढंच झालं, तीन तास लागले, पण हे काम जमलं त्याचा खूप आनंद झाला.

२० जुलै

आता मुख्य वस्तू, डबी. इथेच सगळा जीव आहे. डबीचा तळ जाड पत्र्याचा चालतो, पण वरचं झाकण अगदी पातळ लागतं, कारण फट फट तेच वाजतं. आत थोडं पाणी असतं त्याची वाफ होते, वाफ पाणी नळ्यांतून बाहेर ढकलते, मग वाफ थंड होऊन आटते आणि पाणी परत आत ओढलं जातं, असं सेकंदाला कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी झाकण वर खाली होतं. बिस्किटाच्या डब्याचं झाकण मध्ये दाबल्यावर टक्क वाजतं तसंच. नकाशा शोधताना वाचलं की थॉमस पियो नावाच्या माणसाने १८९१ मध्ये इंग्लंडात ह्या बोटीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि पातळ झाकणाची सुधारणा अमेरिकेत १९१५ च्या अर्जात आली. म्हणजे सातेरीच्या जत्रेत येईपर्यंत हिला शंभर वर्षं होत आली होती.

पातळ पितळ कुठे मिळणार? वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेले. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, इंजिनं खोलून मिस्त्री बसलेले. एका मिस्त्रींना विचारलं, इंजिनात फट भरायला घालतात ती पितळी शिम आहे का. ते म्हणाले, "ताय, शिम कित्याक व्हयी तुमका?" सांगितल्यावर पाना खाली ठेवून हसले. त्यांनी पण लहानपणी चालवलेली, मालवणच्या जत्रेत घेतलेली. दोन तुकडे कापून दिले, एक जाड ०.२ मिलिमीटरचा, एक अगदी वर्खासारखा, ०.०५. पैसे घेतले नाहीत. "चलली काय माका दाखवूक हाडा" एवढंच.

२७ जुलै

डबी पहिली: गळली. तपासायची पद्धत, पाण्यात बुडवून नळीतून हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात बघायचं, सायकलच्या ट्यूबसारखं. तीन ठिकाणांहून येत होते. परत तापवून भरायला गेले तर शेजारचा सांधा सुटला. एकदा हलली की सगळी उघडते, त्यामुळे कपड्याच्या चिमट्यांनी चारही बाजूंनी धरून ठेवा, लाकडी चिमटे, प्लास्टिकचे वितळतात.

डबी दुसरी: माप ४५ बाय ३० मिलिमीटर, आतली उंची जेमतेम ३. जाड शिम वापरली कारण पातळ वाया जाईल ही भीती. गळत नाही. नळ्या बसवल्या, होडीत ठेवली, ड्रॉपरने एका नळीत पाणी घातलं, दुसऱ्या नळीतून यायला लागेपर्यंत. खोबरेल तेलात भिजवलेली समईची वात पत्र्याच्या चमच्यात पेटवली.

अर्धा मिनिट काही नाही. मग नळ्यांच्या तोंडाशी पाणी थरथरायला लागलं आणि होडी निघाली, आपली आपण, घंगाळाच्या कडेकडेने.

पण आवाज नाही. अगदी कान लावला तर गुं गुं. मुलगा म्हणाला, आई चालली ना, झालं. त्याला काय सांगणार.

गंमत म्हणून पाण्यावर हळद भुरभुरली. ती जरूर करून बघा. नळीच्या मागे हळद सरळ रेघ होऊन लांब फेकली जाते, आणि परत ओढताना चारही बाजूंनी थोडी थोडी येते. बाहेर जाताना एका दिशेने, आत येताना सगळीकडून, म्हणून होडी पुढे सरकते. मला हे वाचून कळलं नव्हतं, हळदीने कळलं.

३ ऑगस्ट

पातळ शिम. एकच तुकडा आहे, चूक करून चालणार नव्हतं. आधी ती पोळपाटावर ठेवून चमच्याच्या पाठीने मधोमध अगदी हलकी दाबली, जेमतेम फुगवटा यावा इतकी. बोटाने दाबलं की टिक्, सोडलं की टिक्. मग चिमटे, मग कडेकडेने सोल्डर, एका जागी आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. पातळ पितळ तापलं की सुरकुततं आणि फुगवटा जातो. हात थरथरत होता म्हणून कोपर मशीनच्या टेबलावर टेकवून केलं, बारीक हातशिलाईला टेकवते तसं.

सव्वाचारला पेटवली. वीस सेकंद झाले, तीस. आणि वाजली.

फट. फट फट. मग सलग, फटफटफटफट, घंगाळ तांब्याचं असल्यामुळे तो आवाज भरून येत होता. सदतीस वर्षं झाली आणि जसाच्या तसा. आई माजघरात पडली होती, तिथून तिने हाक मारली, "ह्यो आवाज खंयसून येता गो?" आणि उत्तर द्यायच्या आधीच उठून काठी टेकत आली. घंगाळाच्या बाजूला पाटावर बसली. तेल संपेपर्यंत बसली होती, सहा मिनिटं, मग म्हणाली, परत घाल. तीन वेळा घातलं.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

घंगाळाबाहेर न्यायची हौस. दारातल्या कुणग्यात पाणी भरलेलं, लावणी केलेल्या भाताच्या रोपांमधून चिंचोळी वाट होती, तिथे सोडली. एक वाऱ्याची झुळूक आली आणि आडवी झाली, वात विझली, पाणी आत शिरलं. वरचा भाग जड होतो हे लक्षात आलं, डबी मी खूप उंच बसवली होती.

दुरुस्ती: डबी एक सेंटीमीटर खाली घेतली, आणि तळाला जाळ्याची शिशाची दोन मणी-वजनं, एक पुढे एक मधे. आधी दोन्ही मधे ठेवली तर मागची बाजू दबून नळ्या फार खोल गेल्या आणि आवाज मंदावला. नळ्यांची तोंडं पाण्याखाली एक ते दीड सेंटीमीटर, हे माझ्या होडीला बरोबर पडलं.

दुसरा एक त्रास, आठ-दहा मिनिटांनी बोट आपोआप थांबते, तेल असलं तरी. विहिरीच्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते आणि डबीत साठते. परत पाणी भरलं की चालते. उकळून गार केलेलं पाणी वापरलं तर जास्त वेळ टिकते, माझी अठरा मिनिटं गेली.

१० ऑगस्ट

आज एक मुद्दाम केलेलं काम. गळकी पहिली डबी होती, ती कोरडी ठेवून खाली वात पेटवली. बाकीच्यांना आकडा सांगता यावा म्हणून घड्याळ लावून.

पंचेचाळीस सेकंद. आधी काही होत नाही, मग सांध्यावरचं मळकट सोल्डर एकदम आरशासारखं चमकतं, ओलं दिसतं, आणि त्याचा एक थेंब हळूच खाली ओघळतो. मग झाकणाची कड उचलली जाते. साधं सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतं. आत पाणी असेल तोवर पत्रा शंभरीच्या आसपास राहतो, म्हणून सांधा टिकतो, पाणी नसेल तर ज्योतीला अडवणारं काही नाही.

तो चमकलेला थेंब मी आधी बघितला होता. आठ वर्षांची असताना मला तो फार सुंदर वाटला होता, त्यामुळे मी विझवली नाही, बघत राहिले. हे मी दादाला कधी सांगितलं नव्हतं.

मुलांच्या हातात देणार असाल तर त्यांना आधी पाणी भरायला शिकवा, काडी नंतर.

१७ ऑगस्ट

रंग. घाई केली. लाल आणि पिवळा एनॅमल, दोन डब्या १८०, पूर्ण होडीला आतून बाहेरून मारला, दोन दिवस वाळवला, पेटवली तर डबीजवळचा रंग फुगून जळायला लागला, वास आणि काळा धूर. घरभर. आतला रंग सगळा खरवडून काढला, दुपार गेली. रंग फक्त बाहेरून मारा, डबीपासून तीन बोटं लांब.

खोबरेल तेलाने काजळी येतेच, डबीच्या तळाला जमली की वेळ जास्त लागतो, दर चार-पाच वेळांनी पुसायची. मेणबत्तीपेक्षा मला तेल बरं वाटलं, वात मागे पुढे सरकवून आवाज कमी जास्त करता येतो, आणि जत्रेतली तेलावरच चालायची.

एकूण खर्च १२०० रुपये, त्यात १८० ची आयर्न फुकट गेली आणि कात्री घरात राहील. वेळ मोजला नाही, दहा रविवार समजा.

२४ ऑगस्ट

काम नाही. सतरा ब्लाउज बाकी, माटवीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या मांडवाचं) सामान आणायचं, मुलाला कंटाळा आलाय. होडी फडक्यात गुंडाळून कपाटात, भातुकलीच्या शेजारी.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

दादा, वहिनी आणि भाची मंगळवारी सकाळी कोकणकन्या एक्स्प्रेसने आले. काल दिवसभर पूजा, आरत्या, येणारे जाणारे. आज ऋषीची भाजी झाली आणि दुपारी सगळे पडवीत लोळलेले असताना मी घंगाळ भरून आणलं आणि फडकं उघडलं.

दादा काही बोलला नाही. उचलली, उलटी केली, नळ्यांत बघितलं, अंगठ्याने झाकण दाबलं. टिक्. मग मी सगळं सांगितलं, त्या दिवसाचं, थेंबाचं पण. त्याला मार खाल्लेला आठवत नव्हता, खरंच नव्हता, तो म्हणाला बाबांनी मला कशावरून मारलं ते मोजायला बसलो तर गणपती जातील. पण बोट कशी बिघडली ते त्याला माहीत होतं. काडेपेटी चुलीवर ठेवायची सोडून मी ती पाटाखाली सरकवलेली त्याला दिसली होती.

मी ड्रॉपर पुढे केला. सोल्डरमध्ये शिसं असतं, नळ्या तोंडात धरू नये, हे सांगणारच होते, तोवर त्याने तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, बोट ओठांना लावली आणि गाल फुगवून एका दमात भरलं सुद्धा. दुसऱ्या नळीतून धार आली. दोन्ही तोंडांवर दोन बोटं दाबून त्याने ती पाण्यात ठेवली, बोटं पाण्याखालीच सोडली, एक थेंब हवा आत गेली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. मी ओरडले, चूळ भरायला लावली, वहिनी पण ओरडल्या, त्याचं लक्ष नव्हतं.

बारा सेकंदांत सुरू झाली. माझ्याकडून कधीच वीसच्या आत झाली नव्हती, मी ड्रॉपरने भरताना आत हवा ठेवत होते वाटतं. भाची घंगाळाला चिकटून बसली. आई पाटावर. दादाने वात पुढे सरकवली आणि फट फट वाढली, मग मागे घेतली, परत पुढे.

७ सप्टेंबर

दादा रविवारी परत गेला, बोट नेली नाही, म्हणाला मुंबईत घंगाळ कुठे आहे, इथेच राहू दे, जत्रेला येतो. मी बंदरावर जाऊन मिस्त्रींना दाखवून आले. आता मासेमारी सुरू, ते घाईत होते, तरी डिझेलच्या बादलीतलं पाणी बदलून घेतलं आणि दोघा खलाशांना बोलावून दाखवली. ०.०५ ची शिम अजून एक हातभर दिली.

भाचीसाठी दुसरी सुरू केलीय. बिनशिशाचं सोल्डर मागवलंय, ते २२७ अंशांना वितळतं त्यामुळे हात जास्त भराभर चालवावा लागणार, पातळ झाकणाला ते कितपत जमतं बघू. एरियलचा एक तुकडा उरलाय, दोन नळ्या निघतील. पत्रा कापून ठेवला, या वेळी माया ६ मिलिमीटर.